फणसाच्या फळीवरचा दत्ताराम

कारापूर,
५ ऑगस्ट १९९६

सगुणदादा,

दर पत्राच्या डोक्यावर तुला नमस्कार घालते, आज घालत नाही. मागच्या रविवारी म्हापशाला भर प्रदर्शनात तू माझे चित्र भिंतीवरून ओढलेस, टर्रकन फाडलेस आणि "सैन्याची बदनामी करतंस? लाज नाय तुका?" असे ओरडून पायऱ्या उतरून गेलास. माझ्या शाळेच्या हेडबाई तिथे होत्या, माझ्या विद्यार्थिनी होत्या. चित्रकलेच्या बाई आता रडणार असे त्यांना वाटले असावे. मी खाली वाकून तुकडे गोळा करीत राहिले, कारण मला हसू येत होते आणि ते दाखवायचे नव्हते.

दादा, तू कागद फाडलास. फळी माझ्या घरात आहे.

रंगवलेले चित्र असते तर तुझी फत्ते होती. पण हे छापाचे चित्र. लाकडावर पटाशीने कोरायचे, वर शाई फिरवायची, कागद पसरून पाठीमागून आमटी वाढायचा करवंटीचा डवला घासायचा, की चित्र कागदावर उतरते. एक फाटले तर दुसरे. त्याच संध्याकाळी घरी येऊन, चहाही न घेता, मी दुसरे काढले आणि सोमवारी त्याच खिळ्याला टांगून आले. पुन्हा फाडायला येणार असशील तर आधी कळव, म्हणजे डझनभर काढून ठेवते.

हे झाले भांडण. आता कामाचे लिहिते.

राग ओसरल्यावर मी तू केलेले तुकडे मेजावर जुळवले. त्या चित्रात पुष्कळ माणसे आहेत. पळणाऱ्या बाया आहेत, जळके घर आहे. कोपऱ्यात एक पडलेला सैनिक आहे, त्याच्या हातात बंदूक नाही. बंदूक नाही म्हणून तू चिडलास असे मला वाटले होते. पण तू फाडलेस ते त्याच्या रिकाम्या हातावर नाही. नेमके त्याच्या तोंडावर. ते तोंड मी आपल्या मनाने उघडे कोरले होते, दुसरे काही सुचले नाही म्हणून.

दत्ताराम आधी तुझा मित्र, मग माझा नवरा. बेळगावला दोघे एकाच दिवशी भरती झालात, एकाच पलटणीत राहिलात, बांगलादेशाच्या लढाईला एकाच गाडीतून गेलात. तो गेला तेव्हा जवळ तू होतास. त्याची पत्र्याची ट्रंक घेऊन तू आमच्या अंगणात आलास आणि म्हणालास, "गोळी लागली आणि क्षणात गेलो. काय एक त्रास जावंक नाय." तेच पुढे शाळेतल्या संगमरवरी पाटीवर कोरले गेले: क्षणात वीरमरण. विसाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. आता मी पंचेचाळीसची आहे. इतक्या वर्षांत तू या घरात एकदाही जेवायला थांबला नाहीस. अंगणात उभा राहतोस, माझ्या सासूबाईंच्या पाया पडतोस, बस चुकेल म्हणतोस आणि जातोस. एवढी घाई त्या बसलाही नसते.

तर ऐक. यंदा डिसेंबरात दत्तारामला पंचवीस वर्षे होतात. गोव्याच्या मुक्तिदिनाला, १९ तारखेला, गावात लावायला पंचायतीने माझ्याकडे मोठे चित्र मागितले आहे. फणसाच्या जाड फळ्या जोडून सुतारमेस्ताने मला दोन दारांएवढी फळी करून दिली आहे. ती मी सगळी कोरीन. फक्त दत्तारामचे तोंड कोरणार नाही. आता मनाने काही करायचे नाही असे मी ठरवले आहे. न कोरलेली जागा छापात काळी येते, हेही तुला सांगून ठेवते. तो कसा गेला ते तू सांग, मी ते कोरीन. नाहीतर सगळ्या गावासमोर तिथे काळे येईल, आणि विचारणाऱ्याला मी म्हणेन, केरीला जा, तेरेखोलच्या फेरीबोटीवर माझा भाऊ कामाला असतो, त्याला विचारा.

देवकीवहिनीला सांग, सुकी सुंगटे पोचली, कोळंबी चांगली मोठी आहे. तिच्यावर माझा राग नाही.

तुझी, अजून तरी, बहीण
विनोदिनी

*

कारापूर,
२६ सप्टेंबर १९९६

दादा,

तुझे कार्ड आले. क्षेम नाही, कुशल नाही, नुसते हुकूम. "बंदूक दाखव. मागे तिरंगा दाखव. पडलेला माणूस दाखवू नको." तू अजून सुभेदार असतास आणि मी रंगरूट असते तर टाचा जुळवून उभी राहिले असते.

गणेशचवथीला केरीला, माहेरी, आले नाही. जन्मात पहिल्यांदा. वहिनीने कोणाच्या तरी हाती गोड नेवऱ्या धाडल्या, त्या मी खाल्ल्या आणि मग मला रडू आले, हेही लिहून टाकते, उगीच मनात ठेवायला जागा नाही.

तुला वाटते हे लढाईच्या दुःखाचे खूळ मी एकटीने काढले. तसे नाही. दत्ताराम गेल्यावर सासूबाईंनी मला पणजीच्या कलाशाळेत घातले, ते तुला ठाऊक आहे. तिथे एकदा सरांनी जाड पुस्तक उघडून दाखवले. स्पेन देशात दोनशे वर्षांपूर्वी एक चित्रकार होता. म्हातारा, ठार बहिरा. फ्रान्सचे सैन्य त्याच्या देशात घुसले तेव्हा त्याने जे पाहिले ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरले. झाडाला टांगलेली माणसे, भुकेने भिंतीला टेकलेल्या बाया, प्रेतांचे कपडे काढणारे शिपाई. तो जिवंत असेपर्यंत ती चित्रे बाहेर आली नाहीत. पण पत्रे राहिले, आणि तो मेल्यावर कितीतरी वर्षांनी ते छापले गेले. मी ते पान मिटून वर्गाबाहेर गेले होते. मी नुकतीच विधवा झालेली, मला ते सोसले नाही. तुला म्हापशाला सोसले नाही तसेच म्हण.

मग सरांनी दुसरे दाखवले. जर्मनीतली एक बाई. तिचा मुलगा अठराव्या वर्षी हौसेने लढाईला गेला आणि जाताच मेला. ती आधीपासून चित्रे छापायची, पण या दुःखाला तिला काहीच पुरे पडेना. शेवटी तिने लाकूड हाती घेतले. तिच्या चित्रांत तोफ नाही, खंदक नाही. एक नवरा आणि एक बायको गुडघ्यांवर कोसळून एकमेकांत लपली आहेत, बस. जवळजवळ सगळे काळे, पांढरे अगदी थोडे. आपल्या बंगालातही, महायुद्धाच्या दिवसांत दुष्काळ पडला, तेव्हा एक तरुण पायी हिंडला, भुकेल्यांची काळी-पांढरी चित्रे करून त्याने पुस्तक छापले. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जाळल्या. म्हणजे तुझ्या आधीही फाडणारे होऊन गेलेत, तू काही पहिला नाहीस.

त्या पुस्तकात मी झेंडे शोधले. बहिऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रात मेलेला कुठल्या बाजूचा ते पुष्कळदा कळतच नाही. मला आधी राग आला. आपला तो आपला, असे मलाही वाटायचे. एकदा मी त्या जर्मन बाईचे चित्र घरी आणले. सासूबाईंनी जनेल उघडून ते उजेडात धरले आणि पुष्कळ वेळ पाहिले. कुठली, कोण, काही विचारले नाही. म्हणाल्या, "ही बाय आमच्याच वाड्यारची दिसता." त्या दिवसापासून मी लाकूड कोरते.

आणि छापाचेच का, तर ऐक. रंगवलेले चित्र एका जमीनदार भाटकाराच्या साळ्यात, त्याच्या बैठकीच्या खोलीत, लागते आणि तिथेच राहते. छापाचे चित्र शंभर घरांत जाते. लढाईची बातमीही शंभर घरांत जाते, मग तिचे दुःख एकाच भिंतीवर का राहावे? शिवाय लाकडात खोटे करता येत नाही. रंग चुकला तर वरून दुसरा फासता येतो. इथे पटाशी गेली ती गेली.

फळीवर आतापर्यंत काय झाले ते सांगते. डावीकडे माणसांची रांग, डोक्यावर बोचकी, सीमा ओलांडून येणारी. तू फार वर्षांपूर्वी एकदा बोलला होतास, की बोचक्यांत मुले आहेत की कपडे ते कळत नव्हते. तेच मी कोरले. मध्ये भाताचे शेत. उजवीकडे आडवा दत्ताराम, लग्नातल्या फोटोवरून केलेला. त्याच्या उशाशी तू. तुला काढले म्हणून पुन्हा चिडू नकोस, नाक बरेच चांगले काढले आहे.

तोंडाची जागा तशीच आहे.

विनोदिनी

*

कारापूर,
१८ नोव्हेंबर १९९६

दादा,

कार्ड नाही, पत्र नाही. पण वहिनीचे दोन ओळींचे पत्र आले. जेवताना तू खाली मान घालून विचारलेस म्हणे, "तिणे ता तोंड कोरल्यान काय?" नाही कोरले. तुला माहीत असावे म्हणून सांगते, कोणी कोरणारही नाही.

इकडे काय महाभारत झाले ते ऐक. फळी एवढी मोठी की डवला घासून छापायला मला पुढचा जन्म घ्यावा लागेल. एवढा मोठा छापण्याचा प्रेस गोव्यात नाही. मग माझ्या डोक्यात आले की आमच्या लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यावर दिवसभर जे फिरते ते काय आहे? रोलर. फळी जमिनीवर ठेवायची, शाई लावायची, वर मांजरपाट, वर घोंगड्या, आणि वरून रोलर न्यायचा. तो चालवतो बाबाजी, दोडामार्गाकडचा, लढाईत दोन चुलते गेलेल्या घरातला. मी विचारले तर म्हणाला, "बाई, खडी दाबतंय, ट्रकाचे खड्डे दाबतंय. चित्र अजून दाबूक नाय. दाबूया." ठेकेदारानेही सुट्टीच्या दिवशी न्यायला हरकत घेतली नाही. शाई म्हापशाच्या छापखान्यातली काळी, आणि तिच्यात जवसाच्या तेलात घोटलेली खाणीची लाल धूळ. ती विकत आणावी लागत नाही, आमच्या तुळशीवर बसलेलीच पुरते.

सपाट आणि घट्ट जमीन गावात एकच, देवळापुढची. देवस्थान समितीचे गुरुदास आडवे आले. "देवळासमोर मेलेल्या माणसांचा चित्र? देवीक सुतक लागतला." पंचायत एका बाजूला, समिती एका बाजूला. शेवटी आपल्याकडे जे होते तेच झाले, कौल घ्यायचा ठरला. गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. गुरुदासांनी गाऱ्हाणे घातले, "लढायेत मेलेल्यांचा चित्र तुझ्या अंगणात छापूचा काय, सांग." टपकन डावी पडली. गुरुदासांनी माझ्याकडे असे पाहिले की लढाई त्यांनीच जिंकली.

मी उठून चालले होते. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत पुढे झाल्या. ऐंशी वर्षांची बाई, देवळात एरवी मागे बसणारी. म्हणाल्या, "गुरुदासा, देवी चुकली नाय. तुझो प्रश्न चुकलो. मेल्याचा चित्र कोणाक व्हया? परत विचार. ह्या आनंदीचो झील, माझो दत्ताराम अंगणात येवंदे काय, असां विचार." गुरुदास म्हणाले, एकाच गोष्टीला दोनदा कौल लागत नाही. गुरव मात्र सासूबाईंच्या बाजूचा निघाला. म्हणाला, गोष्ट दुसरी आहे. कळ्या पुन्हा लावल्या. बराच वेळ काहीच पडेना. मग उजवी पडली. गुरुदासांनी देवीला हात जोडले आणि मला म्हणाले, "मांडव मी घालतंय." तो माणूस वाईट नाही, फक्त हरायची सवय नाही.

त्यानंतर आम्ही एका लहान फळीवर रंगीत तालीम घेतली आणि तिचा पुरता विचका झाला. बाबाजीने रोलर छान पुढे नेला आणि थांबून तसाच मागे आणला. खालचे कापड सरकले. उचलून पाहते तर प्रत्येक माणसाला दोन डोकी आणि चार हात. मी किंचाळले. बाबाजी शांतपणे म्हणाला, "बाई, रस्तो एका फेरीन होणा नाय. फुडे-मागे करूकच व्हया." त्याचे बरोबर आहे, रस्ता तसाच होतो. चित्र एकाच फेरीत होते किंवा होत नाही. हे त्याच्या हाताला शिकवायला मला आठवडा लागला. ते दोन डोक्यांचे कापड त्याच्या बायकोने मागून नेले, जनेलाला पडदा केला आहे.

आता सगळे तयार आहे. फक्त तू नाहीस.

दादा, मी तुला भीती घालण्यासाठी काळ्या डागाचे लिहिले होते. आता खरे लिहिते. तिथे काळे आले तर गावाला काही वाटणार नाही. मला वाटेल. त्याच्याबरोबर मी एक वर्षही राहिले नाही. त्याचे शेवटचे जे काही होते ते तुझ्यापाशी आहे, आणि ते माझे आहे.

विनू

*

कारापूर,
१२ डिसेंबर १९९६

प्रिय दादा,

तू काल येऊन, सगळे सांगून गेलास आणि मी अजून फळीपाशीच बसले आहे. सासूबाई वाळपईला माझ्या नणंदेकडे गेल्या आहेत, शनिवारी येतील. त्यांना मी सांगणार. तू हात जोडून म्हणालास, "माका सांगूक सांगू नको, तू सांग." ठीक. पण माझ्या पदरचा एक शब्दही त्यात नको, म्हणून तू सांगितलेस ते इथे तसेच उतरवते. काही चुकले असेल तर परतीच्या टपालाने कळव.

मी त्यांना असे सांगेन.

आई, दत्ताराम क्षणात गेला नाही. दुपारी पोटात गोळी लागली, आणि तो दिवेलागणीपर्यंत होता. सगुणने त्याला ओढत शेताच्या बांधाआड नेले. स्ट्रेचर येईना. सगळीकडे पाणी होते. शेतात पाणी, पाटात पाणी, सगुणच्या बाटलीत पाणी. दत्ताराम पाणी मागत होता. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचे नाही, दिले तर मरतो, असे पलटणीत शिकवलेले. सगुणने दिले नाही. दत्तारामने आधी थट्टा केली, "मेवण्या, हुंड्यात पाणीय देवचंस नाय?" मग शिव्या घातल्या. मग तुमचे नाव घेऊन मागितले. मग नुसते तोंड उघडे ठेवले. सगुण त्याचे ओठही ओले करायला भ्याला. तो वाचेल असे त्याला वाटत होते. मागाहून डॉक्टरने सांगितले, वाचणार नव्हताच, पाजले असते तरी चालले असते.

एवढेच. दादा, हे तू पंचवीस वर्षे एकटा घेऊन फिरलास. म्हापशाला ते उघडे तोंड भिंतीवर पाहिलेस आणि तुझा हात चालला. आता मला कळते. फेरीबोटीवर तू पाण्याची कळशी ठेवतोस, चढणाऱ्या प्रत्येकाला, तहान असो नसो, तांब्या पुढे करतोस, लोक तुला वेडा म्हणतात, हे वहिनीने कधीतरी सांगितले होते. मी हसले होते.

तुला मी तुझी चूक नव्हती असे सांगणार नाही. ते तू मानणार नाहीस. मी एवढेच सांगते, की माझा नवरा एकटा मेला नाही. त्याच्या उशाशी माझा भाऊ होता आणि तो त्याला वाचवू पाहत होता. जवळ होतो असे तू सांगितले होतेस, पण तुझी ती अंगणातली घाई पाहून मला पंचवीस वर्षे मनातून वाटत होते की तो रानात कुठेतरी एकटा पडला असेल.

आणि काल तू जेवायला थांबलास. उंडे पाव आणि भाज्यांचे खतखते, घरात दुसरे काही नव्हते, तरी थांबलास.

पटाशी मी तुझ्या हातात दिली तेव्हा तू म्हणालास, "माझ्यान मोडात गो." मोडले नाही. दोरखंड ओढणारे हात लाकडालाही चालतात. खालचा ओठ थोडा वाकडा झाला आहे. मी तो नीट करणार नाही. तू शेवटची कपची फुंकून उडवलीस आणि फळीवर डोके ठेवलेस, तेव्हा मी मुद्दाम चहा करायला आत गेले.

छापायला थांब म्हटले, तर तुला बघवणार नाही म्हणालास. बरे. मी बघून सगळे लिहीन.

विनू

*

कारापूर,
२० डिसेंबर १९९६

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. एक नाही, मागचे राहिलेलेही सगळे.

जिंकलो आपण. आता सविस्तर.

सासूबाईंना शनिवारीच सांगितले. तुझे उत्तर आले नाही, तेव्हा चूक काही नाही असे धरले. ऐकताना त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाल्या, "वीर म्हणान मेलो, ता सगळ्यांनी सांगला. पाण्यावांचून तानेलो मेलो, ता आवशीक सांगूक कोणाक सुचला नाय." मग सूप उचलून आत गेल्या. मला वाटले मी पाप केले. तुझे पंचवीस वर्षांचे गप्प बसणे शहाणपणाचे होते की काय, असे चार दिवस माझ्या मनात येत राहिले.

काल मुक्तिदिन. शाळेतले झेंडावंदन झाले आणि सगळा गाव देवळापुढे लोटला; तोवर सासूबाईंनी शेजारणींना सांगितलेले घरोघर झाले होते. साखळीहून आले, डिचोलीहून आले, पणजीचे माझे जुने सर आले. गुरुदासांनी खरोखरच मांडव घातला होता. सुतळीने जागा आखून ते स्वतः काठी घेऊन मुलांना मागे सारत होते. माझ्या मुलींनी फळीला शाई चढवली. मांजरपाट पसरला, घोंगड्या घातल्या. बाबाजी आंघोळ करून, टिळा लावून रोलरवर चढला. मी पुढे उभी राहिले आणि म्हटले, "बाबाजी, मागे नाही." म्हणाला, "नाय बाई. फुडेच."

तो आला. जमीन पायाखाली थरथरली. फळीवर चढताना लाकूड कुरकुरले. पण फणस तो फणस, फुटला नाही. बाबाजी फळी ओलांडून सरळ पुढे गेला, थांबायला विसरला की भ्याला कोण जाणे, थेट कमानीतून बाहेर रस्त्यावर जाऊन थांबला. सगळा गाव हसला.

मग आम्ही बायांनी कापडाची टोके धरली आणि उचलले. दादा, मी इतकी वर्षे छापते आहे, पण असा ठसा मला कधी मिळाला नाही. बोचक्यांच्या गाठी आल्या, भाताची पाती आली, तुझी बोटे त्याच्या खांद्याखाली रुतलेली आली. खाणीच्या धुळीने काळ्याला आतून लाली आली होती. कापड दोन माडांच्या मध्ये टांगले, पायथा जमिनीला टेकेल असे. रांगेतली बोचकी पाहून एक म्हातारी मोठ्याने रडू लागली, का ते मी विचारले नाही. शाळेची पाटी ज्यांनी बसवली ते माजी सरपंच पडलेल्या दत्तारामपुढे टोपी काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, "पाटीवरचा ता 'क्षणात' काढूक व्हया, बाई. खोटा आसा." पुढच्या महिन्यात पाटी बदलते आहे. सरांना हे कापड पणजीला हवे आहे. मी सांगितले, आधी केरीला जाईल, फेरीबोटीच्या धक्क्यावर लागेल, मग जगात कुठेही.

हे सगळे झाले तेव्हा सासूबाई उठल्या. त्या कधी घरी जाऊन आल्या कळलेच नाही. हातात तांब्या होता आणि तुळशीचे पान. कापडाकडे निघाल्या तेव्हा मी ओरडले, "आई, शाई ओली आहे." त्यांनी ऐकले नाही. खाली बसल्या, पान पाण्यात बुडवले आणि दत्तारामच्या तोंडाला लावले. मरणाऱ्याच्या तोंडात घालतात तसे, थेंब थेंब. मला वाटले, आता सगळे बिघडणार.

काही बिघडले नाही. आजूबाजूला तेलाची शाई होती, तिच्यावरून पाणी घरंगळले, तिला शिवलेही नाही. पण तू कोरलेस ती जागा पांढरी होती. तिथे शाई नव्हती, नुसते कोरे कापड होते. त्या वाकड्या ओठांच्या आत पाणी जिरत गेले. सासूबाई घालत राहिल्या आणि कापड पीत राहिले. मी ते तोंड न कोरता काळे ठेवले असते, तर एक थेंबही आत गेला नसता. मागून गावातल्या बाया आल्या, कोणाच्या हातात पेला, कोणाची ओंजळ, एकीने रोलरवरच्या बाबाजीची बाटली आणली. गुरुदासांनी विहिरीची कळशी आणून तिथे ठेवली. तांब्या रिकामा झाला तेव्हा सासूबाईंनी त्या ओल्या जागेवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्यालो गो. सगुणाक कळय, दत्ताराम पाणी प्यालो."

म्हणून कळवते.

तुझी बहीण
विनू